आई कोणाला हात करत होती

हॅन्कॉक, मिशिगन
११ फेब्रुवारी

चि. रेनो,

अनेक आशीर्वाद. आईचं डोकं ठिकाणावर नाही, ती रिकाम्या भिंतीला हात करत उभी असते, असं तू डॉक्टरांना लिहिलंस. त्यांनी ते मला वाचून दाखवलं, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे.

तुम्ही सगळे ॲरिझोनात बरे असाल. इकडे बर्फ कमरेपर्यंत आहे. आईच्या खुब्याचं हाड जुळतं आहे, जेवण बेताचं.

आधी तुझं श्रेय तुला देते. शरद ऋतूत तू येऊन जे केलंस ते काम चोख होतं. माळ्यावर ऊब धरून ठेवणारी भर घातलीस, खिडक्यांना पातळ प्लास्टिक लावून केस वाळवायच्या यंत्राने ताणून बसवलंस, दारांखालच्या फटी बुजवल्यास. आपल्या छपरावरचं बर्फ दर वर्षी गल्लीत सगळ्यांच्या आधी वितळायचं. यंदा ते तसंच्या तसं बसून आहे. उष्णता बाहेर जात नाही, हे मला कळतं. विजेचं बिल उतरलं, हेही खरं. आई ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या रेनोने केलं."

भिंतीवरच्या त्या यंत्राबद्दल मात्र तू डॉक्टरांना एक अक्षर लिहिलं नाहीस.

हीटरचं जुनं बटण आई स्वतः फिरवायची. ते काढून तू घरातल्या बोळात हीटर आपोआप कमी-जास्त करणारा नवीन थर्मोस्टॅट बसवलास आणि त्याचा ताबा तुझ्या फोनवर ठेवलास. समोर हालचाल दिसली नाही की घर रिकामं आहे असं समजून ते हीटर मंद करतं. आई दिवसभर स्वयंपाकघरातल्या खुर्चीत विणत बसते. बोळातून ती खुर्ची दिसत नाही. मी रविवारी गेले की आम्ही दोघी घरभर फिरायचो, त्यामुळे घर उबदार असायचं. बाकीचे दिवस त्या यंत्राच्या लेखी आई घरात नव्हतीच.

थँक्सगिव्हिंगला तुझा फोन आला तेव्हा मी तिथेच बटाटे सोलत होते. आवाज मोठा करून ठेवला होता. आई म्हणाली, संध्याकाळी गारठायला होतं रे. तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल, तर मी सांगते. "आई, तू दगडासारखी बसून राहतेस, त्याला कसं कळणार तू आहेस म्हणून? मधून मधून जा आणि त्याला हात कर. तेवढाच व्यायाम."

आई हसली होती. नंतर ती खरंच जायला लागली. वॉकर धरून बोळात जायची, एक हात सोडायची आणि यंत्राला दाखवायची. बर्फ काढायला येणाऱ्या वॉल्टरने खिडकीतून ते पाहिलं आणि चर्चमध्ये कॉफी पिताना मला म्हणाला, "तुमच्या आईचं हल्ली भिंतीशी फार जमलंय." गंमत म्हणून त्याने तुलाही कळवलं. एक हात सोडलेला असतानाच ती पडली.

डॉक्टरांनी तिला विचारलं, आजी, तुम्ही कोणाला हात करत होता? मी तोंड उघडणार तोच टेबलाखाली तिने माझं मनगट दाबलं. म्हणाली, "कोणाला नाही. उगाच." त्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "तो इतका राबला गं घरासाठी. त्याच्या कामाला लोकांनी नावं ठेवायला नकोत."

"आणि तुला वेडी म्हणाले तर?"

"माझं वय झालंय. माझ्याबद्दल कोणाला काही वाटणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यांचं म्हणणं, पेशंट स्वतः नाही म्हणते, कायद्याने तिच्या वतीने निर्णय घेणारा मुलगा तिचं डोकं ठिकाणावर नाही असं लिहितो, आणि मी दोघांपैकी कोणी नाही. हात करायला तूच सांगितलं होतंस, हे तू स्वतः कळवलंस, तर ते तिला पुन्हा तपासतील आणि हाड जुळल्यावर घरी सोडायचा विचार करतील. तू विकायला काढलेलं घर त्याआधीच विकलं गेलं, तर ती जाणार कुठे, हे मात्र तू मला लिहून कळव.

तिला शुश्रूषागृहात, डोकं ठिकाणावर नसलेल्यांच्या कुलूपबंद विभागात ठेवलं आहे. खोली छान गरम असते. खुर्चीत बसूनही.

तिने तुला सांगायला सांगितलं आहे की ती मजेत आहे. निरोप पोचवला.

तुझी बहीण,
इर्मा

मंगळवारी सुपूर्द केलं ते असं : घराची किल्ली, तुझ्या दलालाकडे. चष्मा, वॉकर, लोकर आणि सुया परिचारिकेकडे. सुया तिने परत केल्या, त्या विभागात चालत नाहीत. आईलाही तिच्याच ताब्यात दिलं. सही माझी घेतली. कोणाच्या सांगण्यावरून, या ओळीवर तुझं नाव लिहिलं आहे.