मागच्या सीटचे काय करावे

मी, कागेयामा रित्सुको, वय शेहेचाळीस, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी, राहणार हामादा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. सोळा तारखेला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी ठिकाणावर आहे असे डॉक्टर म्हणतात. मला अधूनमधून शंका येते, पण या कामापुरती ती पुरेल.

एक. टेकडीवरचे घर आणि बँकेतली शिल्लक धाकटी बहीण नात्सुहो हिला. घर विकले तरी चालेल. चालेल असे लिहिले खरे. मला ते चालणार नाही, पण तेव्हा मी नसेन.

दोन. शेजारच्या मियाके आजोबांनी आमच्या संत्र्याच्या फांद्या न विचारता छाटल्या, ते मी माफ केलेले नाही. फळे मात्र त्यांना द्यावीत.

तीन. नटबोल्टचे पाने आणि क्लच सोडवायचे हत्यार गॅरेजवाल्या नागामीकाकांना. हत्यार मुळात त्यांचेच आहे. सात वर्षे परत केले नाही, याची लाज वाटते.

चार. बाबांची १९६७ सालची मोटारसायकल नात्सुहोला.

ती मुळात पन्नास सीसीची. एवढ्या लहान गाडीवर मागे कोणाला बसवायला कायद्याने मनाई आहे, म्हणून बाबांनी आम्हा बहिणींना कधीच बसवले नाही. नात्सुहो उतारावर मागे धावायची. "बाबा, फक्त वळणापर्यंत!"

"वळणापर्यंत काय कायदा झोपतो?"

बाबा गेल्यावर ती मला म्हणाली, "ताई, आता तू तरी बसव."

मी "बघू" म्हणाले, आणि नागामीकाकांकडून अठ्ठ्याऐंशी सीसीचा सिलिंडर, पिस्टन, हेड, दणकट क्लच बसवून घेतला. मागची सीट आणि पायठेवण्याही. पन्नास सीसीपर्यंतची नंबराची पांढरी पाटी एवढ्या इंजिनाला चालत नाही, पिवळी लागते.

काका म्हणाले, "पांढरीच राहू दे गं. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. पिस्टन मोजायला कोण बसलंय?"

"मला माहीत असेल ना, काका."

"बापावर गेलीस अगदी!"

ते ऐकून मी सुखावले होते, हेही नोंदवते. बाबांची पाटी पालिकेत जमा केली. मोठ्या गाडीचा परवाना काढला. तो मिळाल्यावर वर्षभर मागे कोणाला बसवता येत नाही, म्हणून वर्षभर थांबले. नात्सुहोला यातले काही कळवले नाही. तिला चकित करायचे होते.

ती हिरोशिमाहून आली. सीटकडे तिने पाहिलेच नाही.

"बाबांची पाटी कुठाय?"

"जमा केली. नियमच आहे. अगं, हे सगळं तुझ्यासाठीच केलंय. बस ना."

"मी मोठं इंजिन कधी मागितलं, ताई? गुपचूप एक चक्कर मारली असतीस तर संपलं असतं. बाबांना नाही जमलं. तुला जमेल वाटलं होतं."

दोनच्या बसने ती परत गेली. सहा वर्षे झाली. पाटीसाठी मी पालिकेत दोनदा चौकशी केली. जुन्या पाट्या वितळवतात.

मूळचा सिलिंडर आणि पिस्टन तेलकट कागदात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहेत. गाडी पुन्हा पन्नासची करावी की नाही, ते तिने ठरवावे. मात्र त्याआधी तिने एकदा तरी काकांच्या मागे बसून बंदरापर्यंत जाऊन यावे.

पाच. माझ्या रोजनिश्या जाळाव्यात. नात्सुहोला वाचायच्या असतील तर नंतर.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदारांची गरज नसते. तरी दोघांना विनंती केली. नागामीकाका सही करताना म्हणाले, "मला सत्त्याहत्तर लागलं आणि साक्षीला मी? उलटं व्हायला हवं, पोरी."

साक्षीदार: नागामी शिगेओ, गॅरेजमालक. ओकादा मिनोरु, शाळेतले सहकारी.

हामादा, ३ ऑक्टोबर २०२४. कागेयामा रित्सुको (सही व शिक्का)

दुरुस्ती: कलम चारमधले "मात्र" पासून "यावे" पर्यंतचे शेवटचे वाक्य मी खोडले आहे. कारण देणे बंधनकारक नाही. पण काकांच्या मागे बसायचे तिने मागितलेच नव्हते, आणि जे मागितले ते मी मेल्यावर देता येण्यासारखे नाही. त्याऐवजीचा मजकूर मृत्युपत्रात निरुपयोगी असल्याने पोस्टकार्डावर लिहून आजच टपालात टाकला आहे: "नात्सुहो, रविवारी ये. वळणापर्यंत जाऊ. डॉक्टरांनी मला गाडी चालवू नको म्हणून सांगितलंय. कुणाला बोलू नकोस." (सही व शिक्का)