डावीकडची जागा

अनसिंग, फाल्गुन

शालिग्रामच्या इंग्रजीच्या प्रोफेसरसाहेबांना,

मी त्याची आई, रंगूबाई. अक्षरं मी उशिरा, त्याच्याच पाटीवरून शिकले. चुका पोटात घाला.

विद्यापीठाच्या परीक्षेत तुम्ही इंग्रजी उतारा वाचता आणि मुलं ऐकून लिहितात, असं तो सुटीत म्हणाला. ते ऐकूनच हे लिहायला बसले. लहानपणी कान फुटला, तेव्हापासून त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही. आमच्याकडे सगळे त्याच्या डावीकडेच जेवायला बसतात. त्याचे वडील तर पंगतीतही त्याच्या डावीकडच्या लोकांना उठवायचे. "सरका हो, हे जागा माही हाय!" म्हणायचे. त्यामुळे पोराला स्वतःहून सांगायची सवयच लागली नाही. आता वडील नाहीत. परीक्षेच्या वर्गात नंबराप्रमाणं त्याची जागा अगदी डाव्या भिंतीकडे आली आहे. तुमचा आवाज त्याच्या उजवीकडून येतो.

"मी सायबाले लिवू काय?" असं विचारलं, तर भडकला.

"माय, तू लिवशीन तं मी पेपरले बसतच नाही. पोट्टे बहिऱ्या म्हणतीन मले."

म्हणून हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. टाकलं असतं तर एवढंच मागितलं असतं, की त्याला काही विचारू नका. वाचता वाचता सहज चालत या आणि त्याच्या बाकाच्या आणि भिंतीच्या मधे उभे राहा. तिथं कोणी नसेल. ती जागा त्याच्या वडिलांची आहे.

तुम्हाला कधी न भेटलेली,
रंगूबाई