नुसता भाता

दादा, दुपारपासून मी चुलीपासून ओसरीपर्यंत येरझारा घालतेय. भाकर टाकली, करपली. दुसरी टाकली, तीही करपली. शेवटी तवा उतरवला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हा कागद कुठं पाठवायचा ते मला विचारू नका.

घरात दुखवटा आहे. पोळ्याच्या सुमारास तुमचे जावई तापानं गेले. माझं राहू द्या, मला सांगायचंय ते सासूचं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. लेक गेल्यापासून ही बाई झोपत नाही, बोलत नाही, डोळ्यातून टिपूस काढत नाही. दिवसभर पदराचं टोक पिळत बसते. शेजारीण म्हणते, वारं लागलंय, आष्टीच्या देवऋष्याकडं न्या. अगदी हेच शब्द हो! आई गेली तेव्हा मोठ्या काकूनं माझ्याबद्दल हेच काढले होते.

आठवतं? माहेरी, परतूरच्या घरात मी कोपऱ्यात नखं खात बसलेय. बोटांतून रक्त येतंय तरी थांबत नाही. तुम्ही जिनिंगमधून येता, अंगभर कापसाची लव, खोकत खोकत. माझ्याकडं एकदा बघता आणि थेट माळ्यावर चढता. मयताच्या घरात वर्ष सरेपर्यंत सूर निघू द्यायचा नाही, म्हणून काकूनं पेटी धोतरात गुंडाळून वर टाकलेली. मोडलेल्या नाटक कंपनीकडून आणलेली ती आपली गळकी पेटी. काकू ओरडतेय, "अवो, लोकं काय म्हणतील? घरात दुखवटा अन् गाणं-बजावणं!" तुम्ही म्हणता, "गाणं कोण करून राह्यलं? पोरी, पट्टीला बोट लावायचं न्हाई. नुसता भाता मार. हळू. जल्दी बिलकुल न्हाई."

चांगल्या पेटीचा भाता एकदा भरला की अडतो. आपली गळकी, त्यामुळं हवा भरायची आणि हळूहळू निघून जायची. नुसता फुसफुस आवाज. मारता मारता माझा श्वास कधी त्याच्या जोडीनं चालायला लागला, कळलंच नाही. त्या दिवशी मी पेटीवरच डोकं टेकून झोपले म्हणे.

वर्ष सरल्यावर तुम्ही सूर शिकवलेत. घाई केली की बोटावर टिचकी. रागच यायचा तुमचा! तुम्ही म्हणायचात, "एका हाताला भाता, दुसऱ्याला पट्ट्या, कान तिसरीकडं. मंग मनाला भटकायला फुरसत कुठाय?" खरंच नव्हती. पुढं पाढे, वाचणं, सगळं मला बसल्या जागी जमायला लागलं. पेटी लग्नात माझ्याबरोबर आली. हे नेहमी म्हणायचे, गळती काढून घेऊ. मी काढू दिली नाही.

तर परवा मी ती खाली काढली. विधवेनं पेटी काढली! आत्याबाईंचा हात भात्यावर ठेवला, तशा त्या फिस्कारल्या, "लाज न्हाई वाटत? माझा लेक गेला अन् तुला पेटी सुचून राह्यली?" माझंही डोकं फिरलं. "माझाबी नवरा गेलाय, आत्याबाई! सूर न्हाई काढायचा. नुसता भाता मारा." माझ्यावरच्या रागानं भाता मारायला लागल्या, पण मारायला लागल्या. काल पदर पिळला नाही.

आज दुपारी त्या भाता मारत होत्या, मी शेजारी बसले होते आणि सूर निघाला. मोठा, लांब. शेजारीण धावत दारात. "कुणी वाजवलं गं? वर्स तरी सरू द्यायचं!" आत्याबाई ताडकन म्हणाल्या, "म्या वाजवली. माझा लेक गेलाय, तुझा न्हाई. जाय घरी." शेजारीण गेली. मग त्या रडल्या, दादा, मोठ्यानं, लेकाला हाका मारत. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सूनबाई, भाकर टाक. भूक लागली." आणि मी करंटी भाकरी करपवत बसलेय.

आता हा कागद चुलीत घालते आणि तिसरी भाकर टाकते. तेवढं एक सांगायचं राहिलं. तुमचं ऐकलं न्हाई, दादा. पट्टीवर बोट माझं होतं.