सभेची कॅसेट

गावाकडून,
ता. १२ फेब्रुवारी १९८७

चि. सत्यभामा हिस आजी तुळजाबाईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बापाला जाऊन परवा वरीस झालं. श्राद्ध उरकलं. लोक जेवून गेले आन् भात कमी पडला म्हणून बोलून बी गेले. पाऊस आटला तरी माणसाचं तोंड आटत न्हाई.

भारतची पेटी आवरताना तुझ्या आईला एक कॅसेट सापडली. वर त्याच्याच अक्षरात डेअरीची सर्वसाधारण सभा असं लिवलंय. मरायच्या आदल्या दिवशीची. सभेत कोण काय बोललं याच्यावरून दर साली भांडणं व्हायची, म्हणून ह्या सेक्रेटरीनं सोसायटीच्या टेपवर अख्खी सभाच धरून ठिवली. दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीत बसून गेला आन् गाडी घाटात उलटली. बद्रीनाथनं पाठवला त्याला. मेला चेअरमन म्हणून मिरवतो. रोज त्याच्या दारावरून जाताना मी त्याचा उद्धार करते. वर्षात एक दिवस चुकला न्हाई.

आता भारतचा आवाज म्हणून घरात एवढाच हाय. आवाज तरी कसला, लिटर, फॅट आन् सरकीची पेंड. तरी मला ऐकायचाय. पर आपल्या टेपवर तो गोधडीत तोंड घालून बोलल्यावानी येतो. तू आयटीआयला रेडिओचंच शिकायलीस ना? मग सांग. नवा टेप घ्या म्हणू नको. सोसायटीला कुलूप हाय, म्हशी छावणीला हायेत, तुझी आई छबू खडी फोडायला जाती. हाय त्यातच आवाज कसा सुधारंल ते लिव.

मेसमध्ये पोटभर जेव. लोभ ठेव, न्हाई ठेवायचा तर तसं कळव.

तुझी आजी

*

औरंगाबाद,
ता. २० फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप आजीस सत्यभामाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मैत्रिणीला बाहेर घालवलं.

आता नीट ऐक. टेप पत्र्याच्या पेटीवर ठेवतेस ना? तिथून काढ. पेटी थरथरते आणि तिची थरथर आवाजात मिसळते. खाली घोंगडी घडी करून घाल. दवाखान्यातून बोटभर स्पिरिट आण, कापसाला लाव आणि कॅसेट घालतो तिथला चकचकीत तुकडा हलक्या हाताने पूस. त्याला हेड म्हणतात. वर्षाची धूळ बसली असेल.

सोबत एसटीच्या कंडक्टरकडे एक स्पीकर पाठवते आहे. इथल्या भंगारातल्या रेडिओचा आहे, पण पडदा शाबूत आहे. रिकामा रांजण असेल तर स्पीकर त्याच्या तोंडावर आभाळाकडे तोंड करून ठेव आणि वायर टेपच्या मागच्या भोकात घाल. रांजणाच्या पोटामुळे आवाज भरदार होतो. भिंतींच्या पत्र्यांवर गोधड्या टांग, म्हणजे घुमणार नाही.

एक गोष्ट मात्र करू नकोस. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू आहे. त्याला हात लावू नकोस. बाबांचा आवाज भरदार आला की पुरे. मागचा गोंधळ ऐकून काय करायचं आहे?

आईला सांभाळ. तुझी माया, शिव्यांसकट, अशीच राहू दे.

तुझी सत्या

*

ता. ९ मार्च १९८७

चि. सत्यभामा हिस आशीर्वाद. वि. वि.

स्पीकर पोचला. कंडक्टरनं लई रुबाबात दिला, जसं काय त्यानंच बनवला. टँकर चार दिवसाला येतो, एकच रांजण भरतो, दुसरा पावसाळ्यापासून कोरडा उभा. त्याला कामाला लावला.

पोरी, तो बोलला. मी चुलीपाशी होते, तव्यावरची भाकर करपली. जूनमध्ये संकलन इतकं, जुलैमध्ये इतकं, फॅट कमी लागलं म्हणून कुणी सेक्रेटरीवर ओरडू नये, म्हशीवर ओरडावं, असं म्हणला. ते वाक्य त्याचंच, दुसऱ्या कुणाला सुचायचं न्हाई. शेजारची केशरबाई धावत आली आन् रांजणात कोण हाय म्हणून आत वाकून बघायली. मी तिला म्हणलं, दुधाचा हिशोब द्यायला आलाय, तुझं पाणी घातलेलं दूध काढतो बघ बाहेर. गेली पळत.

पर तुझी आई ऐकत न्हाई. कॅसेट लावली की निम्म्यातून उठून जाती. लेकरा, मला ते बी कळंना झालंय.

आन् अजून एक उणं हाय. आवाज भरला खरा, पर साफ न्हाई. लोकांचं बोलणं मागं नुस्तं घोंघावतंय. बद्रीनाथनं भारतला गाडीबरोबर जा म्हणून हुकूम दिला, ती जागा मला ऐकायचीये. एकदा साफ आली की रांजण उचलून पारावर नेते आन् साऱ्या गावाला ऐकवते. त्या स्क्रूला हात लावू नको म्हणलीस, ते कावून? लिव.

माया कमी करू नको, उत्तर लवकर कर.

तुझी आजी

*

औरंगाबाद,
ता. १६ मार्च १९८७

तीर्थरूप आजीस सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. स्क्रू फार नाजूक असतो. केसभर चुकला तर होता तो आवाजही जाईल. मी मे महिन्यात येईन तेव्हा बघू. तोवर पारावर काही नेऊ नकोस आणि बद्रीनाथ आजोबांच्या दारात जाऊ नकोस. माझ्यासाठी एवढं ऐक.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहायचं थांबवू नकोस.

तुझी सत्या

*

ता. ३० मार्च १९८७

चि. सत्यभामा हिस आशीर्वाद.

तुझं ऐकलं न्हाई. टेप फडक्यात बांधून एसटीनं धारूरला गेलते. तिथं मल्लिकार्जुन म्हणून घड्याळं आन् रेडिओ दुरुस्त करतो. कॅसेट चालू ठेवूनच त्यानं स्क्रू जरा फिरवला. म्हणला, सभा एका टेपवर धरली आन् ऐकता दुसऱ्यावर, दोन्हींची हेडं जुळत न्हाईत, बाकी काही न्हाई. केसभर फिरवला आन् तोंडावरची गोधडी ओढावी तसा आवाज उघडला. खुर्ची सरकलेली कळाली. भारतचा श्वास कळाला.

मग दूध नासतंय, ड्रायव्हर वाटेत गाडी लावून बसतो, अशी तक्रार निघाली. बद्रीनाथ बोलला. साफ बोलला. म्हणला, ड्रायव्हर सोमवारी बदलतो, भारत, तू घाटात जायचं न्हाई, त्या गाडीचा भरवसा न्हाई.

त्याच्यावर मागून एक बाई वरडली. सेक्रेटरीला खुर्ची काय बुडाला चिकटलीय का, म्हणली, आमचं दूध नासायलं आन् हा कागद वाचायला, जा की स्वतः गाडीत बसून, मर्द असशील तर. मी मल्लिकार्जुनला इचारलं ही कोण भवानी. तो माझ्या तोंडाकडं बघत बसला.

मी टेप बंद करायला लावला. पुढं ऐकलं न्हाई.

देवाची आण, माझ्या ध्यानात असं न्हवतं. माझ्या ध्यानात बद्रीनाथ उभा राहून हुकूम सोडतोय, हेच होतं. वर्षभर मी तेच बघत आले.

सभेला सारं गाव होतं. छबू होती. मग मला कुणीच कावून सांगितलं न्हाई? आन् तुला ठाऊक होतं का? खरं लिव. खोटं लिवलंस तर मला अक्षरावरून कळंल.

तुळजाबाई

*

औरंगाबाद,
ता. ५ एप्रिल १९८७

तीर्थरूप आजीस सा. न. वि. वि.

ठाऊक होतं. बाबांच्या तेराव्यानंतर आईने सांगितलं.

रांजणाने आवाज जाड होतो आणि मागचं बोलणं त्यात बुडतं. मला ते माहीत होतं, म्हणूनच रांजण सांगितला. स्क्रूने ते उघडं पडलं असतं, म्हणून स्क्रू अडवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा टेप दुरुस्त करायला घेतला आणि मुद्दाम अर्धा बिघडलेला ठेवला.

खरं लिही म्हणालीस, तर सगळंच लिहिते. मागच्या दिवाळीला परीक्षा आहे म्हणून कळवलं होतं, ती नव्हती. तुझं तोंड बघवेना म्हणून आले नाही. आईने त्यानंतर मला फार रागावून लिहिलं. गाडीचे ब्रेक तुझ्या आजीने तोडले नाहीत, असं तिने लिहिलं होतं. तिचं पत्र मी जपून ठेवलं आहे. पटायला वेळ लागला, पण पटलं.

तू जेवतेस का? तेवढं कळव. बाकी काही मागत नाही.

तुझीच सत्या

*

ता. १४ एप्रिल १९८७

चि. सत्यभामा हिस आशीर्वाद. वि. वि.

जेवते. न जेवून काय करू, छबू समोर बसून राहती.

बद्रीनाथकडं गेलते. छावणीत म्हशींपुढं वैरण टाकत होता. मला बघून त्यानं पाटी खाली ठिवली आन् रोजच्या शिव्यांसाठी नीट उभा राहिला. मी म्हणलं, मेल्या, वर्षभर ऐकून कावून घेतलंस? तो म्हणला, वहिनी, तुमाला कुणाला तरी शिव्या द्यायच्याच होत्या, आन् सोसायटी बंद पडल्यापासून मी रिकामाच होतो. मग पुन्हा वैरण टाकायला लागला. मी बी टाकू लागले. माफी मागायला गेलते, ती मागितलीच न्हाई. पुन्हा जावं लागंल.

घरी येऊन कॅसेट लावली. जिथं थांबवली होती त्याच्या पुढं ऐकली.

माझं वरडणं संपलं की सारी सभा हसती. त्यात भारत हसलाय. मोठ्यानं, तोंड भरून. लहानपणी हौदात उडी मारून वर यायचा तेव्हा हसायचा तसा. म्हणला, चेअरमनसाहेब, तुमच्या वरचा हुकूम आलाय, आता जावंच लागतंय. मग पुन्हा हसला. राग न्हवता गं त्यात. मी लई वेळा तपासलं.

बाकी कॅसेटभर लिटर आन् फॅटच हाय. हसू तेवढं एकाच जागी हाय. ते ऐकायचं तर आधी माझं तोंड ऐकावं लागतं. रोज एकदाच लावते, पट्टी झिजंल म्हणून. माझं ऐकते, मग तो हसतो. छबू आता उठून जात न्हाई. तिथपर्यंत बसती.

लोभ ठेव म्हणायला मला तोंड न्हाई. राग उरला असंल तर रागासकट ये.

तुझी आजी