मरियामायपुढे बँड वाजू देण्याबाबत

प्रति,
मा. मिरवणूक परवाना अधिकारी साहेब,
मुक्काम सौंसर, जिल्हा छिंदवाडा (म. प्र.)

विषय: येत्या पंधरा ऑगस्टला मरियामायच्या मिरवणुकीत बँड वाजवण्यावरील बंदी उठवण्याबाबत.

संदर्भ: आपली गेल्या सालची नोटीस, जी शिपायाने आमच्या ढोलावर चिकटवली व अजून निघत नाही.

महोदय,

अर्जदार गुणवंता मोतीराम सोमकुवर, मास्तर, नवप्रभात ब्रास बँड, लोधीखेडा, विनंतीपूर्वक सादर करतो की, कचेरीत अर्ज हिंदीत द्यावा लागतो हे मला ठाऊक आहे. पण हिंदीत मला फक्त वरातीचा भाव सांगता येतो, मनातले मराठीतच निघते. शिवाय आपण अमरावतीकडचे, म्हणून हिंमत केली.

१. नोटिशीत लिहिले आहे की अर्जदाराने स्वातंत्र्यदिनाची प्रभातफेरी "पळवून नेली". महोदय, फेरी काय कोंबडी आहे, काखेत मारून न्यायला? घडले ते असे. दरसाल पंधरा ऑगस्टला आमचा बँड सकाळी शाळेच्या फेरीपुढे वाजतो, आणि फेरी कचेरीत पोचली की तसाच मिशनमध्ये जातो, कारण येशूची आई मरियामाय स्वर्गात गेली तो सणही त्याच दिवशी येतो. दोन्ही तारखा अर्जदाराने ठरवलेल्या नाहीत. गेल्या साली झेंडावंदनाचे पाहुणे उशिरा आले. पाहुणे कोण होते हे लिहिणे मला शोभत नाही; आपणच होता. त्यामुळे फेरी पाहुण्यांसोबत उशिरा निघाली, आणि चौकात आली न आली तोच मिशनची घंटा सुरू झाली. उजवीकडे कचेरी, डावीकडे मिशन. इतक्या वर्षांची सवय, साहेब! घंटा ऐकली आणि पाय डावीकडे वळले. मला वाटले, पोरं झेंड्यामागे कचेरीकडे जातील. पण पोरं कधी झेंड्यामागे जातात का? ती ढोलामागे आली. पोरांमागे गुरुजी आले, गुरुजींमागे झेंडा, आणि झेंड्यामागे छत्री धरून आपण.

२. पुढचे नोटिशीत नाही, म्हणून नमूद करणे भाग आहे. मिशनच्या फाटकाशी बैलगाडीवर, संत्र्याच्या डहाळ्यांत, मरियामाय उभी होती. गाडीला तिरंगी पताका होत्या, कारण सिस्टर लोकांनाही पंधरा ऑगस्ट असतोच. आपण समजलात, भारतमातेचा देखावा आहे. आपण हार घातला, नारळ फोडला आणि "या मातेसाठी कित्येकांनी प्राण दिले" असे अर्धा तास भाषण केले. लोक "आमेन" म्हणाले. मोठ्या सिस्टर फिलोमिना यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, एवढा मोठा अधिकारी मायबद्दल इतकं मनापासून आजवर बोलला नव्हता. इकडे कचेरीत लाडवांची परात मुंग्यांनी खाल्ली, वरून विचारणा आली, आणि नोटीस मिळाली कोणाला? अर्जदाराला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे चोर कोणीच नाही, हेही मान्य.

३. लग्नात वाजवायला आपण बंदी घातली नाही, त्याबद्दल आभार. पण लग्नात बँडवाल्याची पंगत शेवटची, तीही मांडवाबाहेर, बुंदी संपल्यावर. आम्ही बुद्धविहारातली माणसं. नवस बोलत नाही, मरियामायपाशीही नाही. तरी वर्षातून त्या एका दिवशी शकुबाई, म्हणजे मिशनच्या दवाखान्यातली म्हातारी आया, आम्हा साऱ्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवते. "मायपुढं वाजोते तो मायचा पाव्हणा," म्हणते. त्या दिवशी क्लॅरिनेट तोंडाला लावली की मी खरा मास्तर होतो, साहेब. एरवी भाड्याचा भोंगा. यंदा बँड नाही म्हणून मिशनवाले टेप लावायचा विचार करून राहिले. हे ऐकल्यापासून मी रोज क्लॅरिनेट पुसून ठेवतो.

४. हे कलम लिहू की नको, असा रात्रभर विचार केला. भाषणानंतर सिस्टरांनी ही माता कोणती ते आपल्या कानात सांगितले. आपण लालेलाल झालात, पण निघून गेला नाहीत. शकुबाईने आपल्याही हातात मेणबत्ती दिली आणि म्हणाली, "माग नं साहेब, माय कोणाले रिकाम्या हातानं नाही धाडत." आपण इकडेतिकडे पाहिलेत, डोळे मिटलेत आणि हळूच काही मागितलेत. मी शेजारीच दम खात उभा होतो. जे ऐकले ते लिहीत नाही, कारण आवक शाखेचे बाबू सगळे अर्ज मोठ्याने वाचतात. एवढेच सादर करतो की यंदा मे महिन्यात, लग्नाला दहा वर्षे झाल्यावर, आपल्या घरी पाळणा हलला आणि पेढा अर्जदारानेही खाल्ला. फार आनंद झाला, साहेब. खरंच झाला.

आता मूळ अडचण. काल नलिनीवहिनी, म्हणजे आपल्या सौभाग्यवती, बाळाला घेऊन बसने लोधीखेड्याला माझ्या घरी आल्या. पंधरा ऑगस्टला बाळाला कडेवर घेऊन अनवाणी मायपुढे चालायचे आहे, म्हणाल्या, आणि नवस काय मुक्याने फेडतात? वाजतगाजत फेडतात! असे म्हणून माझ्या हातावर सुपारी ठेवली. बँडवाल्याने सुपारी घेतली म्हणजे जबान दिली, हे आपण जाणताच. मी भीतभीत बंदीचे सांगितले. त्यावर वहिनी म्हणाल्या, "कोणत्या मेल्यानं घातली बंदी?" महोदय, नोटिशीखाली सही कोणाची, हे मी सांगितले नाही. नोटीस चिकटलेला ढोल मात्र दाराशीच होता. मी त्यावर घोंगडी टाकली.

सबब विनंती की, बंदी उठवण्यात यावी. यंदा पोरांना आधी कचेरीत सोडून, लाडू त्यांच्या हाती पडलेले पाहूनच डावीकडे वळू, ही हमी देतो. बंदी उठवणे शक्य नसेल तरी अर्जदाराची तक्रार नाही. फक्त वहिनींना काय उत्तर द्यायचे, ते कृपया लेखी कळवावे.

आपला नम्र आणि तूर्त गप्प,
गुणवंता मोतीराम सोमकुवर
बँड मास्तर, लोधीखेडा
दि. ४ ऑगस्ट १९८६

सोबत: वहिनींनी दिलेली सुपारी, एक नग. बंदी असताना ती मला ठेवून घेता येत नाही. आपण घरी जालच, तेव्हा आपल्याच हाताने त्यांना परत करावी.