निळ्या टपरीपाशी वळलो

१४ डिसें., रवि.
दर रविवारसारखा आगाशीला विल्सनकडे जाऊन आलो. ओटीवर खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. बोलणं चार-पाच शब्दांचं, पण मला बघून 'सत्या' म्हणतो ते स्पष्ट. निघताना फिलूने नेहमीसारखी बागेतली केळी दिली, पिशवी भरून. म्हणाली, "तुमी होता म्हनून त्या दिवशी नवरा घरी तरी आला." केळी घेतली. चोराच्या मनात चांदणं.

१६ डिसें.
वालीवला कारखान्यात. दिवसभर मायक्रोमीटर हातात, मापं बरोबर, मी कुठे होतो पत्ता नाही.
लिहूनच टाकतो एकदा. ऑगस्टमधली सायकल राइड. मनोरच्या पुढे निळी टपरी, आम्ही नेहमी तिथूनच परत वळायचो. तिथे विल्सनच्या हातून चहाचा ग्लास पडला. म्हणाला, "हाताला मुंग्या आल्यात रे. टेम्पो बघायचा का?" मी म्हणालो, "हँडल धरून सगळ्यांनाच येतात. चल, नाटकं नको." सत्तेचाळीस किमी तो मुकाट माझ्या मागे आला. संध्याकाळी लकव्याने त्याची उजवी बाजू गेली.
फिलूला हे माहीत नाही. तिला वाटतं मी त्याला घरी आणला.

२५ डिसें.
नाताळ. आज सांगणार होतो. फिलूने ताट पुढे केलं. सणाच्या दिवशी कशाला, म्हणून खाऊन परत आलो. सण नसता तर दुसरं काही सापडलं असतं.

२७ डिसें.
क्लबची शंभर किमी टाइम ट्रायल पुढच्या रवि. दोघांची नावं पावसाळ्याआधीच दिलेली. एकेकाला मिनिटाच्या अंतराने सोडतात. कुणाच्या मागे चिकटायचं नाही, कुणाची मदत नाही, पाच तासांत परत. सुमन म्हणाली, "चार महिने सायकलला हात लावला नाहीस आणि एकदम शंभर? डोकं ठिकाणावर आहे ना?" नवऱ्याबद्दल बायकोला एवढी शंका असावीच.
अट घातलीय स्वतःला. पाच तासांत आलो तर फिलूला सांगायचं. नाही आलो तर गप्प. पळवाट आहे, कळतंय.

४ जाने., रवि.
झोप येत नाही, लिहितो.
स. ६.१० ला शिरसाड फाट्यावरून सुटलो. माझ्यानंतर विल्सनचा नंबर होता. ते मिनिट रिकामं ठेवलं होतं, त्यानंतर पुढचा. ढेकाळ्याच्या चढावर तिघांनी मागे टाकलं. काही वाटलं नाही. मांड्या दुखत होत्या, तेही दुसऱ्याचं दुखणं ऐकावं तसं. समोरून वारा. मनोर गेलं. निळी टपरी आली. वळलो.
सहा किमी परत आल्यावर लिंबूपाणी प्यायला बाटली काढली. मनगट कोरं. वळणावर क्लबची माणसं मनगटावर मार्करने खूण करतात. टपरीपाशी माणसं नव्हतीच. खरं वळण अडीच किमी पुढे, फ्लायओव्हरखाली. काल कागदावर स्वतः वाचलं होतं. सायकल आपसूक वळली, टांग्याचा घोडा सवयीच्या टपरीपाशी थांबावा तशी.
डिव्हायडरला टेकून उभा राहिलो. सरळ घरी गेलो तर बाद, म्हणजे फिलूला सांगायचं नाही. किती सोपं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे. त्याचीच लाज वाटली.
परत फिरलो. टपरीसमोरून जाताना मान खाली. फ्लायओव्हर. खूण. मग पन्नास किमी ऊन, ट्रक, डाव्या पोटरीत गोळा. दोनदा उतरलो. शेवटचे दहा किमी आठवतच नाहीत.
५ तास ७ मि. वेळेबाहेर. एकशे बारा किमी झाले म्हटल्यावर क्लबवाले हसले. "अहो, बारा किमी बोनस!" मीही हसलो.
अटीप्रमाणे मोकळा झालो. झालो का?

७ जाने.
जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं. सुमन तेल गरम करून ठेवते. अट माझी, घड्याळ माझं, सुटकाही माझीच. विल्सनला कुणी विचारलं?

११ जाने., रवि.
सांगितलं.
विल्सन आत झोपला होता. फिलू ओटीवर केळफूल सोलत होती. सगळं सांगितलं, 'नाटकं नको' हेसुद्धा. तिने मान वर केली नाही. सोलता सोलताच विचारलं, "ग्लास पडला मंजे? चा पन पुरा पिला नाय?"
"नाही."
उरलेलं केळफूल तिने सोलून संपवलं. मग म्हणाली, "त्याला ती सकाळ आठवत नाय. तुमी आठवन करून देऊ नका."
आतून हाक आली, "सत्या?" फिलू उठली नाही. मीच आत गेलो. विल्सनने डाव्या हाताने मनगटावर टिचकी मारली, म्हणजे किती वेळ लागला. सांगितलं. खूप हसला. मग म्हणाला, "वळला... कुठं?"
"फ्लायओव्हरखाली."
त्याने मान हलवली. डोळे मिटले.
निघताना ओटीवर कुणी नव्हतं. केळ्यांची पिशवीही नव्हती. पुढच्या रविवारचं काही बोलणं झालं नाही.