कापसाचा दगड

आबा,

धाकटीने तुमच्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. गेल्या आठवड्यात ती पुण्याहून इथे वरसेला आली होती, टेम्पो घेऊन. तुम्ही गेल्यापासून माझ्या पोटमाळ्यावर पेंढ्यात पडून असलेल्या तुमच्या गारगोट्या तिने एकेक करून खाली उतरवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि नेल्या. ती ज्या कॉलेजात शिकवते तिथे त्यांचं काचेचं कपाट होणार आहे. वर तुमचं नाव, शेजारच्या भिंतीवर चौकटीत तुमची माहिती. "ताई, ती तू लिही," म्हणाली, "आबांजवळ माझ्यापेक्षा जास्त वर्षं तू राहिलीस." राहिले तर. तुमची पथ्यं, तुमचा खोकला, तुमची शेकायची पिशवी, सगळं माझ्याकडे होतं. कपाट मात्र तिच्याकडे चाललंय. साठी आली माझी, नातवंडं झाली, आणि टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं ते चौदाव्या वर्षी दुखायचं तेच, आणि तिथेच.

आता माहिती म्हणून काय लिहू? तुम्ही पेणजवळच्या दगडखाणीवर सुरुंगाचे मिस्त्री होता, हे लिहीन. रेल्वे रोह्यापर्यंत यायची होती, तिच्या भरावाला खडी लागायची आणि ती तुमच्या खाणीतून जायची. सुरुंग उडाला की काळ्या दगडात कधी कधी पोकळी उघडी पडायची. तिला तुम्ही घर म्हणायचा. "आज घर लागला," असं दारातूनच ओरडत यायचा आणि डबा उघडायचा. भाकरीच्या डब्यात भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेला दगड. हिरवे, पाण्यासारखे नितळ खडे, पिवळसर गुलाबी पाकळ्या, साखरेसारखे चमचमणारे कण. खाणीवरच्या बाकीच्यांना ते सगळं खडीतच जाणार असं वाटायचं, आणि जायचंही. तुम्हाला मात्र ते बघून खाली टाकवत नसे. हळूहळू आईची मांडणी तुमच्या दगडांनी भरली. "भांडी जमिनीवर आणि दगड मांडणीवर. कोणी पाहुणा आला तर मी कशात चहा देऊ, गारगोटीत?" असं आई म्हणायची, आणि तुम्ही तोंडात तंबाखू असल्यासारखे गप्प बसायचा. तंबाखू तर तुम्ही खातच नव्हता. मला तेव्हा हसू यायचं. चौकटीत हे बसणार नाही, म्हणून इथे लिहिते.

रविवारी खाण बंद असायची. त्या दिवशी तुम्ही धाकटीला घेऊन जायचा, ढिगातून शोधायला. मला नाही. मी थोरली, मला आईबरोबर तांदूळ निवडायचे असत, चटण्या वाटायच्या असत. दुपारी तुम्ही दोघं परत यायचा ते धुळीने पांढरे होऊन, दोघांच्या भुवया सारख्याच पांढऱ्या, आणि जेवताना तुमचं आपसात चालायचं. "तो तिरका व्हता ना, त्याच्या मागं बघायचा व्हता." "मी सांगत व्हते तुम्हाला." अकरा वर्षांची पोर, आणि तुम्ही तिचं ऐकून घ्यायचा. "हिला डोळा हाय," असं तुम्ही आईला सांगायचा, मी वाढत असताना, माझ्या डोक्यावरून. डोळे मलाही होते, आबा, दोन.

मग मीही आणला एक. आठवतो तुम्हाला? धुणं धुवायला भोगावतीवर गेले होते, तिथे रेतीत सापडला. हिरवा, गुळगुळीत, उजेडात धरला की आरपार. चोळीत लपवून आणला, संध्याकाळपर्यंत कोणाला दाखवला नाही. तुम्ही आल्यावर हातावर ठेवला. तुम्ही तो खिडकीशी नेलात, जरा फिरवलात आणि म्हणालात, "बाटलीची काच हाय ही गो. घासून घासून गोल झालीय." तुम्ही वाईट बोलला नाहीत, हे मी आज कबूल करते. पण धाकटी फिदीफिदी हसली आणि तुम्हीही हसलात, तिच्याबरोबर. तो तुकडा मी मोरीच्या भोकात टाकला. पाणी तुंबलं तेव्हा आईचा मार खाल्ला तो वेगळाच.

मला तुम्ही काय दिलंत, तर काम. मातीने लडबडलेले दगड साफ करायचं. रिठ्याचं पाणी, बाभळीच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला, आणि मी. "थोरलीचा हात हलका हाय," म्हणायचा. मला वाटायचं, हे बरं आहे, शोधायचं तिने आणि भांडी घासल्यासारखे घासायचे मी. हलक्या हाताला काय जाळायचंय.

त्या वर्षी पाऊस लागायच्या आधी, खाण बंद व्हायच्या शेवटच्या आठवड्यात, धाकटीला तो सापडला. तुमच्याही नजरेतून सुटलेला, तुम्हीच सांगत होता घरभर. ओंजळीएवढं काळं घर, आणि आत बोराएवढे तीन पांढरे गोळे. कापूस. दगडावर उगवलेला कापूस, केस न केस मोकळा, फुंकर घातली तर उडेल असं वाटावं. धाकटी त्याचं इंग्रजी नाव सांगते आता, मला ते लक्षात ठेवायचं नाही. तुम्ही तो मांडणीवर ठेवलाच नाही. दिवाळीच्या फराळाचा झाकणाचा डबा आईकडून मागून घेतलात, खाली पेंढा घातलात, आणि धाकटीला म्हणालात, "हा तुझा. दसऱ्याला तुझ्या हातात देतो, तवर झाकण काढायचा नाय." साऱ्या घरात एवढे दगड होते, तोवर एकही कोणाचा नव्हता. सगळे आपले होते. हा पहिला, ज्याला मालक झाला. चार महिने तो डबा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि घरात केर मी काढायची, म्हणजे रोज त्याच्या खालून झाडायचंही मीच.

पुढचं सगळ्यांना माहीत असलेलं असं आहे. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा व्हायची. पहार, घण, छिन्न्या, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. तुमचा रिवाज असा की हत्यारांबरोबर दगडही धुवायचे आणि मांडायचे, कारण हत्यारांनी दिलं ते तेच. ते धुवायचं काम अर्थात माझं. त्या सकाळी तुम्ही फुलं आणायला बाजारात गेला होता, आई पुरणात होती, धाकटी शेजारी. मी मोरीत बसून एकेक दगड धुतला, आणि त्यात डब्यातलाही धुतला. तुम्ही आलात तेव्हा तो पाटावर होता, बाकीच्यांच्या रांगेत. कोंबडीचं पिल्लू पावसात भिजल्यावर दिसतं तसे ते तीन गोळे. कापूस चिकटून, पिवळट, दगडाला लिंपल्यासारखा. तो वाळल्यावर परत कधी फुलला नाही. फुलत नाहीच म्हणे.

धाकटीने जे रडं काढलं ते चार घरांपर्यंत ऐकू गेलं. आई पुरणाचा हात तसाच घेऊन माझ्यावर धावली. तेव्हा तुम्ही मध्ये आलात. "तिला मारू नको," म्हणालात, "तिला काय ठाव? ह्याला पाणी चालत नाय, हे मीच सांगायचा इसरलो. चूक माझी हाय." आणि खाली बसून घणाला हळद लावायला लागलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. सगळ्यांना कुंकू लावून झाल्यावर त्या भिजक्या दगडालाही लावलंत, तिन्ही गोळ्यांवर एकेक बोट, आणि म्हणालात, "ह्याची पण पूजा हुंदे." धाकटी चार दिवस तुमच्याशी बोलली नाही. माझ्याशी बोलत होती, कारण माझी बिचारीची चूक नव्हती. आईला पुढची कित्येक वर्षं सांगायला विषय मिळाला, की ह्यांना दगडांची एवढी माया, आणि नेमकं सांगायचं तेच विसरले. तुम्ही ऐकून घ्यायचा.

शेवटचं वर्ष तुम्ही माझ्याकडे होता, याच खोलीत. आई गेलेली, माझे यजमान धाटावला कंपनीत शिफ्टला, घरात दुपारचे आपण दोघंच. पाय सुजायचे तुमचे, मी परातीत गरम पाणी घेऊन ते धुवायची. एकदा तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "थोरले, तुझा हात हलका हाय गो." माझ्या तोंडापर्यंत आलं होतं सगळं, आबा. खरंच आलं होतं. मी टॉवेल खाली ठेवला, म्हटलं आता बोलायचं. आणि तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "धाकटीची गाडी कासूला आली असंल का?" रविवार होता, कासूवरून येणाऱ्या रेल्वेने ती यायची होती. मी म्हटलं, आली असेल, आणि परात उचलून मोरीत ओतली. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. तोवर तुम्ही दाराकडे बघत होता.

गेल्या आठवड्यात टेम्पो भरून झाल्यावर तिने सगळ्यात शेवटी त्याचीच चौकशी केली. "ताई, तो माझा कापूस गो? खराब झाला असला तरी हवाय मला. माझा पहिला होता तो." मी म्हटलं, पेणचं घर सोडताना कुठे गेला कोण जाणे. तो माझ्या देवघरात आहे, खालच्या फळीवर, त्याच फराळाच्या डब्यात. दर खंडेनवमीला मी त्याला कुंकू लावते. सासूबाईंना जन्मभर वाटलं की तो माझ्या माहेरचा कुठला तरी देव आहे, त्याही हात जोडायच्या.

आता जे धाकटीला ठाऊक नाही ते. त्या खंडेनवमीला बाजारात निघण्याआधी तुम्ही पिशवी घेऊन मोरीशी थांबलात. आई ऐकत नाही असं बघून, वाकून, हळू मला सांगितलंत, "सगळे धू, पन डब्यातला सोडून. त्याला पाणी दाखवायचा नाय, पाणी लागला का मेला तो. पयला मीच असा घालवलाय खाणीवरच्या नळाखाली. धाकटीला बोलू नको, ती करून बघल. तुला म्हनून सांगतो." तुला म्हणून. मी मान डोलावली. तुम्ही वळणापलीकडे गेलात, तोवर थांबले. मग चुलीवरून पाणी आणलं, गरम, रिठा घातलेलं, आणि झाकण काढलं. कुंचलासुद्धा फिरवला.

म्हणजे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे साऱ्या घरात फक्त तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही विसरलो म्हणालात. आईसमोर, तुमच्या लाडकीसमोर, चार दिवस तिचा अबोला सोसून. कितीतरी वर्षं मला त्याचा रागच होता. वाटायचं, मारायचं तरी होतंत. माझ्यावर चिडण्याइतकीही मी तुमच्या लेखी नाही का. धाकटीने छिन्नी हरवली तर तुम्ही तिला अंगणभर पळवत होता.

आता धाकटीसाठी दोन पानं वेगळी लिहिली आहेत. आबा सुरुंगाचे मिस्त्री होते, दगडांवर त्यांचं प्रेम होतं, माझ्या बहिणीला त्यांनी डोळा दिला. सगळं खरं आहे, ती वाचून रडेल. हे पान तिला जाणार नाही आणि तुमच्यापर्यंत कुठून जाणार? तिला खरं सांगावं असं मनात येतं अधूनमधून. ती माफही करेल, तेवढी ती चांगली आहे, तेही मला खुपतंच. पण सांगितलं तर तिला कळेल की तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही आयुष्यात एकदा खोटं बोललात, आणि ते माझ्यासाठी बोललात. तिच्यासाठी बोलल्याचं मला काही आठवत नाही. सगळं कपाट तिने नेलं, नेऊ दे. हे मी तिला देणार नाही.